ठिगळ

एकतीस वर्षं नानांनी भुसावळच्या यार्डात
चाकांना हातोडी मारली.
टण् म्हणजे ठीक.
टप् म्हणजे आत कुठंतरी तडा, डबा बाजूला काढा.
डोळ्यांना दिसत नाही, म्हणायचे,
पण चाक बोलतं.

झटका येऊन तिसरी रात्र.
स्टेंट बसला होता,
फैजपूरहून मामा येऊन पेढे ठेवून गेले होते,
तेव्हा नानाच आधी म्हणाले,
"मले काहीतरी येगळं आयकू येते."
सिस्टर वळवींनी स्टेथोस्कोप टेकवला,
उचलला, परत तिथंच टेकवला.
छातीच्या डाव्या कडेला खरखर.
सकाळी नव्हती.

लघवीची पिशवी दुपारपासून तेवढीच.
पाय गार.
एप्रिल महिना, जळगाव,
बाहेर डांबर चपलेला चिकटतंय
आणि माझ्या बापाचे पाय गार.

डॉक्टर फिरक्यांनी औषधाच्या बिलामागं
चार खोल्या काढल्या, मधोमध एक भिंत.
रक्त न पोचलेली भिंत मऊ पडते,
एखाद्या ठोक्याला फाटते.
शुद्ध रक्त अंगभर जायचं सोडून
त्या भोकातून मागं, पुन्हा फुफ्फुसाकडं.
"म्हणजे गाडी यार्डातच फिरतेय," मी म्हणालो.
कोणी हसलं नाही.
मी तरी कशाला म्हणालो कोण जाणे.

"मग शिवून टाका," आई.
"आज नाही, आजी. टाका धरणार नाही."
पुढं तिनं विचारलंच नाही.
चाळीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवलेली बाई ती,
कुजक्या कापडात सुई घातली
की भोक मोठं होतं,
हे तिला कुणी सांगायचं?
बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली,
"किती दिवस धीर धरायचा?"
"आठेक. तेवढे मिळाले तर."

मांडीतून एक फुगा वर सरकवला
छातीतल्या मोठ्या धमनीत.
हृदय क्षणभर टेकलं की तो फुगायचा,
ते उठलं की मिटायचा.
मशीनबरोबर मुश्ताक आला, रावेरचा,
भावाभावांत केळीचा बाग वाटला गेला
तेव्हा हे शिकलेला.
रात्रभर स्टुलावर. "काका, पाय सरळ. वाकवू नका."
नाना अर्धवट ग्लानीत,
"तुह्या गाडीचा टाइम बरोबर आहे ना रे?"
"एकास एक, काका. दर ठोक्याला."

पाचव्या रात्री ठोके उधळले.
आम्हाला बाहेर काढलं.
दाराच्या काचेतून मला फक्त
नानांची एक टाच दिसली,
ती गादीवरून उडाली
आणि पडली.
त्या टाचेबद्दल मी आईला अजून सांगितलेलं नाही.

अकराव्या दिवशी, सही करताना,
आईनं सर्जनला विचारलं,
ठिगळ कशाचं लावणार?
तो चाचरला. माझ्याकडं पाहिलं.
बैलाच्या हृदयावर एक पातळ आवरण असतं,
ते धुऊन, टिकवून...
आईनं पदराच्या काठावर अंगठा फिरवला,
कापड पारखताना फिरवते तसा.
"चिवट असते का?"
"चिवट असतं."
"मग लावा."

आता नाना ओट्यापर्यंत चालतात.
भरताला मीठ नाही म्हणून रोज भांडतात,
सकाळी काट्यावर उभं राहून वजन लिहितात,
किलोभर वाढलं की फिरक्यांना फोन.
कधी भिंत पुन्हा गळेल, कोणी सांगत नाही.
रात्री ते झोपले की आई दिवा न लावता
त्यांच्या छातीला कान लावते.
तिला काय कळतं त्यातलं?
पण लावते.

पोळ्याला आमच्या घरी बैल कधीच नव्हता.
नोकरदार माणसं आम्ही,
मातीची जोडी पाटावर ठेवायची
आणि पुरणपोळीवर तुटून पडायचं.
यंदा मातीच्या बैलांना कुंकू लावून
आई ताट घेऊन तशीच वळली,
नानांच्या सदऱ्याची वरची दोन बटणं काढली
आणि त्या लांब, जांभळ्या वणाच्या टोकाला
बोट टेकवलं.

"अवं, काय करतीस," नाना म्हणाले,
"पोरं बघतात."
"तुमचं नाही करत," आई म्हणाली.
"गप उभे राहा."