दुसरा कप

वाईला शूटिंग आलं तेव्हा
शालनमावशीचं स्वयंपाकघर तीन दिवस भाड्यानं गेलं.
नायिका ग्लिसरीन घालून अकरा वेळा रडली.
मावशी दाराआड जांभया देत उभी,
ओट्याला खिळे मारतायत का, एवढंच बघत.

महिन्याभरानं एपिसोड लागला.
दारात प्रेत आलं, विजा, सतराशे साठ व्हायोलिनं.
मावशी शेंगा फोडत होती.
"मेलं माणूस श्वास घेतंय बघ," म्हणाली,
टरफलं सुपात टाकली.

मग तेरावं उरकलं. पाहुणे गेले.
नायिकेनं चहाचं आधण ठेवलं,
एक कप पाणी ओतलं,
दुसरा भरला,
थांबली,
आणि परत माठात रिकामा केला.

संगीत नव्हतं. बहुतेक घालायचं राहिलं असेल.

मावशीची शेंग बोटांत तशीच.
काका जाऊन नऊ वर्षं झाली,
तेव्हा डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला नव्हता.
जाहिरात लागली तरी ती
साबणाच्या बाईकडे बघून रडत होती.

"हिला कुणी सांगितलं गं?"

मी काही बोलले नाही.
शूटिंगच्या पहिल्याच सकाळी
तिनं लाइटवाल्या पोराला चहा दिलेला,
"घे बाबा, रोजच एक कप जास्त होतोय" म्हणत.