घडीवरचं गाव

टेबल आखूड पडलं
तेव्हा नकाशा आम्ही फरशीवर पसरला.
ला कियाका फ्रीजच्या पायाशी,
आणि देशाचं दक्षिण टोक उंबऱ्यापलीकडे अंगणात,
जिथं ओर्तेन्सियाचं कुत्रं त्यावर बसलं
ते उठायला तयार नाही.

मोटरसायकली दोन, दोन्ही दीडशे सीसीच्या.
माझी लाल. तिची कुठल्या रंगाची होती
हे आता तिलाही सांगता येत नाही.
टाकी बारा लिटरची, सपाटीला चारशेच्या वर निघतात,
पण पश्चिमेचा वारा उजव्या बरगडीत शिरला
की तीनशेलाच नाकी नऊ.
म्हणून जिथं पेट्रोल, तिथं घेवड्याचा एक पांढरा दाणा.
जिथं पंप आहे पण भरवसा नाही,
तिथं मसूर.

सव्वीस वर्षं मी बाहिया ब्लांकात शाळेची बस चालवली.
तेच बावीस थांबे,
तीच पोरं, मग त्या पोरांची पोरं.
रस्ता ठरवावा लागतो हे मला माहीतच नव्हतं.
तो आपला लागायचा.

ओर्तेन्सिया नर्स होती. अंतरं वाचते ती
पेशंटचा ताप वाचावा तशी:
एकशे तीस. दोनशे दहा. एकशे सत्तर,
त्यातली सत्तरेक नुसती खडी.
इथं तिची भुवई वर जाते.
"दिवसाला तीनशेच्या वर नाही," ती म्हणते,
"आपली ढुंगणं काही विशीतली नाहीत."
मातेचा तुंबा माझ्याकडे सरकवते,
कडू, शेवटच्या पाण्याचा.

नकाशा बापाचा. लोकर खरेदीला हिंडायचा तो,
खिशात घालायचा, काढायचा, परत घालायचा.
चौथ्या घडीवर भोक पडलंय,
करंगळी जाईल एवढं.
आणि नेमके तिथंच, दोन दाण्यांच्या मध्ये,
चारशे किलोमीटर कोरडे.

"इथं काहीतरी होतं," ओर्तेन्सिया म्हणते.
"काही नव्हतं. वारा."
मी यादीत लिहिते:
डबे, दोन. पाच-पाच लिटरचे.

ती माझ्याकडे बघत नाही.
भोकातून खालची फरशी दिसते, निळी,
तिच्यावर तेलाचा जुना डाग.
ती त्यावर एक मसूर ठेवते.
"आग्वादा चिका," म्हणते. "तुझ्या भावाचा पंप."

एकोणीस वर्षं.
कुरण विकलं त्यानं, मेंढ्यांसकट, कुत्र्यांसकट.
कागदावर सही माझी होती म्हणे.
असेलही. तेव्हा मी बरंच काही
न वाचता सही करून टाकायची.

वाकडी वाट करून जाता येईल,
समुद्राच्या बाजूनं, डांबरी, दोन दिवस जास्त.
मी पेन्सिलनं ओढूनही पाहिली.
कुत्र्याच्या शेपटीपाशी रेघ अडकली.

रात्री ती गेल्यावर फोन लावला.
चौकशी म्हणून.
नऊ वेळा वाजला.
"रविवारी पेट्रोल मिळतं का?"
पलीकडे पत्रा थडथडत होता, म्हणजे वारा होता.
"टँकर आला असला तर. कुठून येताय?"
"उत्तरेकडून."
"किती जण?"
"दोघी."
मग बराच वेळ पत्राच बोलला.

"खडीवर डाव्या चाकोरीतून चालवा," एवारिस्तो म्हणाला,
"उजवीकडे वाळू साठते."
खोकला. आवाज बापासारखा झालाय.
"वारा दुपारी उठतो.
सकाळी लवकर निघ."

निघा नाही म्हणाला.

मी रिसीव्हर ठेवला,
फरशीवर बसून यादी पुढ्यात ओढली,
डब्यांपुढचे पाच खोडून दोन लिहिलं.
दोन लिटरनं चारशे होत नाहीत,
एवढा हिशेब मलाही येतो.
तसाच राहू दिला.