गाडी तीच

कारभारी पिंगळ्यांची जीप मोहाडीहून आली ती ट्रॅक्टरमागे,
साखळीला बांधून, स्टिअरिंगवर ते स्वतः.
सीटवर कोंबड्यांची शीट, रेडिएटरात गांधीलमाश्यांचं घर,
मागच्या फळीवर द्राक्षाच्या औषधाचा डाग, निघता न निघणारा.
पैसे मोजून घेतले आणि जाताना बॉनेटवर थाप मारली,
बैलाला मारतात तशी.
"थंडीत हिला अर्धा चोक लागतो," एवढंच म्हणाले.
इंजिन नऊ वर्षं जाम होतं.

सिडकोत घरापुढे दहा बाय अठराची जागा.
इंदूची स्कूटर रस्त्यावर गेली, कढीपत्त्याची कुंडी गच्चीवर.
परातीत रॉकेल ओतून मी बेअरिंगं भिजत घातली.
"आता यात कणीक मळायची का?"
नाही म्हटलं.
दुसऱ्या दिवशी तिनं नवी परात आणली, माझ्याच पाकिटातून.

जुनं पेट्रोल इंजिन चेनपुलीवर लोंबकळत वर आलं
तेव्हा शेजारची प्रांजल खैरनार, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची,
कंपाउंडवरून वाकून बघत होती.
"काका, नवं कुठलं बसवणार?"
नवं कसलं! दूधबाजारात युसूफ मिस्त्रीकडे
मोडीतल्या पिकअपचं डिझेल होतं.
पान्याचं एक टोक इंजिनावर, एक माझ्या कानावर
टेकवून तो म्हणाला, "ऐका. दमा नाही याला."

पण या इंजिनाचा आणि त्या गिअरबॉक्सचा छत्तीसचा आकडा.
एक भोक दुसऱ्यासमोर येईना.
मधे अठरा एमएमची प्लेट लागणार,
आणि क्रँकच्या पोटात एक बुश.

बुशचं सांगतो.
अंबडला तेहतीस वर्षं मी बुशच कापले.
पाळीला चारशे. मोजायचे, तेल लावायचे, क्रेट भरायचा,
क्रेट गेटबाहेर.
कुठल्या गाडीत, कुठल्या अंधारात जाऊन बसले,
एकही पाहिला नाही.

रविवारी मालकाच्या पोरानं लेथ उघडून दिली.
गनमेटलचा तुकडा, अंगठ्याएवढा.
पिवळा कीस प्रांजलच्या वेणीत अडकला.
तिनं मायक्रोमीटर वाचला, पुन्हा वाचला:
एक शतांश जास्त.
तेवढाच काढला, पॉलिश पेपरनं, श्वास धरून.
मग घरी लाकडी ठोकळ्यानं तीन टोले.
बसला.
मी टॉर्च लावून बराच वेळ तिथंच उकिडवा.
प्रांजलनं काही विचारलं नाही.

चोकची तार कापून टाकली. डिझेलला काय कामाची.
"मूठ पण काढू?"
राहू दे म्हटलं. भोक वाईट दिसेल.

पेठ रोडच्या आरटीओत साहेबांनी कागद उलटसुलट केले.
चासी नंबर जुना, इंजिन नंबर वेगळा.
"मग गाडी तीच कशी?"
साहेब, माझ्या दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलीत, मी म्हणालो,
तरी पेन्शन मलाच मिळते.
शिपाई हसला. साहेब हसले नाहीत,
शिक्का मारला, पण चौथ्या खेपेला.

डिसेंबरात, निफाडचा पारा सहावर उतरला त्या आठवड्यात,
आम्ही मोहाडीला गेलो.
बागेत शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला.
पिंगळ्यांनी बॉनेट उघडून बघितलंच नाही.
टायर पायानं दाबला, कानटोपी सारखी केली, चढून बसले.
मी किल्ली फिरवून दिली
आणि पिवळा दिवा विझेपर्यंत
डाऊनीबद्दल काहीतरी विचारत राहिलो.
त्यांचा हात न बघता मुठीवर गेला.
अर्धी ओढली. अर्धीच.
मग स्टार्टर.

एका दमात लागली.
"आवाज घोगरा झाला हिचा," ते म्हणाले, "वय झालं.
पण बघा. सांगितलं होतं ना?"

मागच्या फळीवरून प्रांजल माझ्याकडे बघत होती.
हो, मी म्हणालो,
सांगितलं होतं तुम्ही.