शेरा

येलदरीच्या पाणीपातळीच्या रजिस्टरात सहा रकाने,
सहावा शेऱ्याचा.
दस्तगीरमामूंनी तो एकोणतीस वर्षं
पाखरांना देऊन टाकला होता.

चार्ज देताना म्हणाले,
मीटर-सेंटिमीटर तुम्हाला येतंयच मॅडम,
हे तेवढं शिकून घ्या.
ने म्हणजे नेहमी. क म्हणजे कधीमधी.
दु म्हणजे दुर्मिळ,
दुर्बीण घरी राहिली की दिसतो तो.

मला वाटलं, चार दिवसांचं काम.
साळुंकी ने, होला ने, टिटवी ने.
टिटवी तर इतकी ने की रात्री अडीचला
गेजच्या पायऱ्यांवर माझ्याच नावानं बोंबलते.
कोतवाल तारेवर, वेडा राघू त्याच तारेवर,
मधे पाच हात अंतर,
भांडण नाही, बोलणंही नाही,
आमच्या उपविभागासारखं.
शेकाट्या चिखलात उभा,
लाल पाय कुणाचे तरी उसने आणल्यागत.

पट्टकादंब क.
थंडीत हिमालय ओलांडून येतात
आणि मारोती कऱ्हाळ्यांच्या गाळपेऱ्यातला
हरभरा खातात.
कऱ्हाळे बांधावरून मला विचारतात,
ह्यायचा पंचनामा कोण करंल?

चिमणीचा ने कधी क झाला
ते सापडत नाही.
डाव्या पानावर ने आहे, उजव्यावर क,
मधे फक्त दोऱ्याची शिवण.
जिंतूरच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत,
त्या अजून ने आहेत;
पण ते आमच्या हद्दीत येत नाही.

आणि गिधाड.
एका पानावर एकेचाळीस
(खालच्या अंगाला बैल पडला होता, असं लिहिलंय).
मग सात.
मग एक, खाली दोन रेघा.
त्यानंतर शून्य.
शून्य, शून्य, रोज, पावसाळा-उन्हाळा,
रजेच्या दिवशी बदलीवाल्याच्या अक्षरात शून्य,
वीस वर्षांहून जास्त,
निळ्या शाईत.

मी विचारलं, नुसतं रिकामं का नाही सोडलं?
ते सायकलला डबा अडकवत होते.
रिकामं म्हणजे आपण पाह्यलंच नाही, म्हणाले.
शून्य म्हणजे पाह्यलं. नव्हतं.

आज सकाळी सहा.
पातळी कालच्याहून दोन सेंटिमीटर खाली.
साळुंक्या चौदा. धोबी तीन.
होले मोजता आले नाहीत,
एक उडाला की सगळे उडतात.
भारद्वाज फक्त ऐकू आला,
त्याला काय लिहायचं ते मामूंना फोनवर विचारायचंय.

मग मान मागे टाकून
आभाळ चांगलं दोन मिनिटं बघितलं,
कडेपासून कडेपर्यंत.
एकदा घारीनं फसवलं,
उगाच छातीत धडधडलं.

गिधाड, लिहिलं, ०.
पान लगेच मिटलं नाही.
शाई ओली होती.