आर्गॉन

एफीच्या जिन्यातली खिडकी
वारा सुटला की शीळ घालायची,
ट्यूलिपच्या देठाशी, जिथे शिसं सुटलं होतं.
ग्लासगोत वारा सुटलेलाच असतो.

लॅक्लनने ती ब्लँकेटात गुंडाळून नेली,
महिन्याने आणली: दोन कोऱ्या काचांच्या मधोमध
रंगीत काच, कडा सीलबंद, आत आर्गॉन.
"आता वारा नाही, दव नाही,
धूळसुद्धा बसायची नाही."

"आणि ती पाकळी?"
"नाही पुसली. तुम्ही बजावलंत ना."

जरा चुकलेल्या लालाची पाकळी,
नवऱ्याने बसवलेली.
कडेच्या पुट्टीत त्याचा अंगठा.

घर ऊबदार. बिलही उतरलं.
एफी बोट टेकवते.
गुळगुळीत. हाताला काहीच लागत नाही.

शीळ हल्ली तीच घालते,
भांडी विसळताना,
देठाच्या त्याच
बेसूर सुरात.