परटिणींच्या ओळीत

किल्ला म्हणायचा, पण तट नव्हताच त्याला कधी.
लाकडी खोल्या, झेंड्याची काठी,
आणि नजर पोचेल तिथवर वायोमिंगचं गवत.
आम्ही खणतोय ते त्याच्याही बाहेर,
ओढ्याच्या उतारावर,
जिथे पलटणीचे कपडे धुणाऱ्या बायका राहायच्या.

लोरीन चाळण हलवते. माती खाली जाते.
वर राहतात खडे, सशाची हाडं
आणि गुंड्या:
पांढऱ्या, चिनी मातीच्या, चार भोकांच्या,
मक्याच्या दाण्याएवढ्या.
गरुडाची पितळी मिळाली एकच,
तिच्यासाठी शहरातून छायाचित्रकार आला.
या दोनशे अकरांसाठी
बिस्किटांचा रिकामा डबा.

"लढाई अशी इथे झालीच नाही," लोरीन म्हणते,
"धुणं मात्र रोज झालं."
तिचे लोक तेव्हा ओढ्यापलीकडे होते.
त्याबद्दल ती बोलत नाही,
चाळण जरा जोरात आपटते.

हिशेबाच्या वहीत एक बाई आहे, ऑनोरा टीग.
डझनभर कपड्यांचे इतके,
गुंडी लावायचा एक सेंट वेगळा.
तिच्या चुलीच्या दगडाखाली मंगळवारी
तांब्याची डबी निघाली, हिरवी पडलेली.
आत एकोणीस गुंड्या,
आणि तांब्याने इतकी वर्षं राखलेला दोरा,
भोकांत अजून अडकलेला.
टोकं झिजून तुटलेली नाहीत.
कात्रीची आहेत.

डेल मोठ्याने हसला,
"स्वतःच कापायची, स्वतःच लावायची!"
असेलही.
पण त्याच वहीत, त्याच हिवाळ्यात,
तापाने गेलेल्यांची यादी आहे
आणि पुढे: सदरे धुऊन पुन्हा वाटले.
एकेकाची एकेक ठेवली असेल का तिने?
यादीत नावं सतरा.
एकोणीस नव्हेत. मी दोनदा मोजली.

नोंदपत्रात 'उपयोग' या रकान्यात
लोरीनने काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.

शेवटच्या दिवशी खड्ड्यात वाकताना
डेलच्या मनगटावरची गुंडी सुटून पडली,
साधी, प्लास्टिकची.
अर्धा तास आम्ही तिघं गुडघ्यांवर.
"राहू दे," लोरीन म्हणाली आणि फावडं उचललं.
"अगं, पुढच्यांच्या थरांचा घोळ होईल."
"होऊ दे की."

वारा सुटला होता.
डेलची एक बाही उघडी फडफडत होती,
आणि आम्ही माती लोटायला लागलो.