खूण

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, पहाटे चारच्या लिलावात,
‘लोमविया’ होडीचे तीनशे चाळीस किलो कॉड
‘तायस्ती’च्या नावावर चढले.
काटा बरोबर होता. मासेही बरोबर होते.
फक्त एक ओळ मधेच तुटून
दुसऱ्या ओळीच्या शेपटाला चिकटली होती.

कोड माझा. अकरा वर्षांपूर्वीचा.
तेव्हा मशीन एकमार्गी होतं, मीही.

ओळ अशी यायची: होडी, जात, वजन, दर.
तुकडे करायला ते जुनं फंक्शन,
सगळ्यांच्या घरी असतं ते.
पहिल्यांदा त्याला आख्खी ओळ द्यायची.
ते स्वल्पविराम शोधतं,
त्याच्या जागी शून्य लिहितं
(तुमच्याच ओळीत, न विचारता)
आणि पहिला तुकडा हातावर ठेवतं.
पुढे त्याला काहीच द्यायचं नाही.
रिकामा हात पुढे करायचा:
पुढचं दे.
कुठवर आलो होतो, ते त्याला आठवतं.

मला हे फार आवडायचं.
बेकरीतली बाई न विचारता
नेहमीचा पाव काढून देते, तसं.
ती आठवण ते ठेवतं कुठे,
हे मी कधी विचारलं नाही.
खिसा एकच होता.
सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एक.

मॅन्युअलात लिहिलं होतं तसं वाक्य.
वाचलं होतं मी. पान उलटलं होतं.

माझी लायब्ररी म्हणजे पाहुणी,
ज्या प्रोग्रॅमनं बोलावलं त्याच्या घरी राहते.
घरात माणसं किती, पाहुणीला कोण सांगतं?
या हिवाळ्यात लिलावगृहानं नवं मशीन आणलं,
काट्यामागे एक थ्रेड ठेवला,
आणि माझ्या लायब्ररीशेजारी पावत्यांची दुसरी, परकी लायब्ररी.
एकानं ओळ दिली. दुसऱ्यानंही दिली.
पहिल्यानं रिकामा हात पुढे केला
आणि त्याच्या हातावर
दुसऱ्याचं वजन पडलं.

आठ रात्री शोधलं.
छापून बघायला गेले की चूक गायब,
पाहुण्यांसमोर शहाणं होणाऱ्या पोरासारखी.
रोज एकच होडी येत होती तोवर सगळं सुरळीत.

शेवटी साकारिसनं सांगितलं,
चाळीस वर्षं काट्यावर उभा असलेला साकारिस,
कॉम्प्युटरला हात न लावणारा:
“कागदाच्या दिवसांत आम्ही दोघे कारकून एकाच वहीत वाचायचो.
ज्याचं बोट त्याच्या ओळीवर.
एक बोट दोघांत वाटून घ्यायचं
आम्हाला नाही बाई सुचलं.”

त्या फंक्शनला एक धाकटी बहीण आहे,
नाव तेच, मागे एक छोटं अक्षर.
ती लक्षात काही ठेवत नाही.
म्हणते, खूण तुझी तूच सांभाळ,
दर वेळी घेऊन ये, दर वेळी घेऊन जा.
सात ओळी बदलल्या. कॉफी गार झाली.

‘तायस्ती’च्या बार्डुरनं पैसे परत केले,
वर अर्धा हॅलिबट दिला. का, ते नाही बोलला.
माझ्याकडे बघून रान्नवा, एवढंच म्हणाला,
नावात दोन ‘न’ आहेत ते नीट उच्चारत.

आता बाकीची फंक्शनं तपासत बसलेय.
वेळ अक्षरांत लिहून देणारं:
त्याचाही खिसा एक.
चूक काय झाली ते शब्दांत सांगणारं:
त्याच्याही खिशाची खात्री नाही.

खिडकीबाहेर धुकं. बंदरातून भोंगा.
तो थांबायच्या आत दुसरा.